यूपीएसने गिळलेली शिट्टी

विजेचा काही भरवसा नव्हता, त्या दिवसांतली गोष्ट. टेबलाखालच्या यूपीएसच्या पोटात जेमतेम दहा मिनिटांची वीज मावायची, तीही एकट्या संगणकापुरती.

एका दुपारी वीज गेली. सकाळपासून टाइप करत बसलेल्या मृणालताईंनी उकाड्याला कंटाळून पंख्याची पिनही यूपीएसलाच लावली.

"दादा, जोरात फिरू का? ताई घामाघूम झाल्यात," पंखा म्हणाला.

दोघांना आपली वीज पुरणार नाही हे यूपीएसला ठाऊक होतं, पण त्याला नाही म्हणवेना.

"दादा, पुरेल ना? ताईंनी अजून काहीच सेव्ह केलं नाहीये," संगणकाने विचारलं.

"पुरेल रे," यूपीएस म्हणाला. ताई घाबरतील म्हणून त्याने धोक्याची शिट्टीसुद्धा गिळली.

चौथ्या मिनिटाला संगणकाचा पडदा काळा झाला. सकाळपासूनचं सगळं लिखाण गेलं. थांबलेल्या पंख्यासमोर ताईंना पुन्हा दरदरून घाम फुटला.