बंद पडणारं मशीन

"मग अण्णा, ह्यातलं चांगलं कुठलं?"

पुंडलिकनं रवळनाथाच्या देवळाच्या पडवीत झाडं कापायची दोन मशीनं शेजारी शेजारी मांडली होती. एक थोरलं, लांब पात्याचं, कोरं करकरीत. दुसरं हलकं, झाडावर चढून फांद्या उतरवायचं.

लगमाण्णा कुऱ्हाडीचा नवा दांडा काचेच्या तुकड्यानं घासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझं काय म्हणणं?"

"थोरलं. एका ओढीत चालू होतंय. खोडात असं शिरतंय, की आपण नुस्तं धरून उभं राहायचं. दिवसभर चालवा, हाताला मुंग्या न्हाईत."

"बरं."

"हलकंबी वाईट न्हाई. पण त्याला दम कमी."

"बरं."

पुंडलिक थांबला. अण्णांच्या 'बरं'मधून कधी काही हाती लागत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी तो दर वेळी वाट बघायचा.

आमच्या आजऱ्याकडच्या झाडं पाडणाऱ्या माणसाला सासुरवाडीचं विचारा, दोन शब्दांत सांगून मोकळा होईल. मशीनचं विचारलंत, तर तुमचा चहा गार झालाच म्हणून समजा. कुणी म्हणतो वजन बघावं. कुणी चेनचे दात नखावर घासून बघतो. कुणाचा सगळा जीव पात्यावर सुटणाऱ्या तेलात. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण ऐकायला मजा येते. भांडणं तर अशी लागतात, की वाटावं सोयरीक मोडतेय.

लगमाण्णांचं मत मात्र कुणालाच माहीत नव्हतं. सगळी हयात झाडं पाडण्यात गेली आणि दहाच्या दहा बोटं हाताला शाबूत, असा या भागात तेवढाच एक माणूस. काम सोडून ते देवळात येऊन राहिले, तेव्हा त्यांनी आपलं मशीनही कुठंतरी आत ठेवून दिलं. ते कुठलं, कसलं, त्यात एवढं काय आहे, याचं कुतूहल आम्हा सगळ्यांनाच होतं.

पुंडलिक त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, पण अण्णांच्या कामाची शेवटची वर्षं तो गोव्याकडं होता, म्हणून ते मशीन त्यानंही बघितलेलं नव्हतं. हात खरोखरच चांगला. ते त्यालाही माहीत होतं, हीच पंचाईत.

"उद्या कुठलं झाड हाय?" लगमाण्णांनी विचारलं.

"बहिणीच्या घरामागचं जांभूळ. आतनं पोखरलंय. वारं सुटलं की तिचा जीव खालीवर होतोय. भाताच्या खाचरात पाडतो."

"घराला लागून हाय न्हवं ते?"

"लागूनच."

"आणि बहीण कुठं असंल?"

"घरात. तिला सांगितलंय मी, चुलीपुढनं उठूसुद्धा नको. माझ्या हातचं झाड दाखवलेल्या जाग्याला पडतंय."

काच दांड्यावर थांबली...

लगमाण्णा उठले. देवळाच्या मागच्या खोलीत गेले आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक मशीन घेऊन आले. रंग उडालेला. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पातं पुंडलिकच्या थोरल्या मशीनच्या निम्मंसुद्धा नसेल.

"हेच व्हय ते?"

"हेच."

"चालवून बघू?"

"बघ की."

पुंडलिकनं दोरी ओढली. मशीन चटकन चालू झालं. त्यानं रेस दिली तसं खणखणीत वाजलं. त्यानं रेस सोडली आणि मशीन बंद पडलं.

पुन्हा ओढली. पुन्हा चालू. रेस सोडली... पुन्हा बंद.

पुंडलिकला हसू आवरेना. एवढा गाजावाजा, आणि आत हे!

"अण्णा, दमा झालाय ह्याला."

त्यानं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. बाजूच्या भोकातून आत घालून स्लो रेसचा स्क्रू अर्धा फेरा पिळला. दोरी ओढली, रेस दिली, सोडली. मशीन आता बंद पडलं नाही. चेन जागची न हलता नुसतं गुरगुरत राहिलं, पोट भरलेल्या मांजरासारखं.

"बघा. एवढंच हुतं. इतकी वर्षं तसंच वापरलासा?"

लगमाण्णांनी हात पुढं केला. पुंडलिकनं स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी खाली वाकून तोच स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवला.

मशीन बंद पडलं.

"अण्णा, तो बिघाड हाय."

"व्हय."

"मग?"

"उद्या ह्यानंच काप. स्क्रूला हात लावायचा न्हाई."

"हात थांबला की बंद पडणार हे. दर वेळी दोरी ओढत बसू? लोकं हसतील."

"हसू दे."

"पण का...?"

लगमाण्णा परत दांडा घासायला बसले होते.

नाही म्हणावं असं पुंडलिकच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ज्या मशीनचं नुसतं नाव ऐकून आम्ही म्हातारे झालो, ते त्याच्या हातात होतं. त्यात काय आहे हे बघितल्याशिवाय त्याला झोप लागली नसती. त्यानं ते गोणपाटात गुंडाळलं आणि मुकाट्यानं नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाच्या घरामागं माणसं जमली. सुगंधा ही पुंडलिकची बहीण, एकटीच राहते. तिनं दारातून झाडाकडं बघितलं.

"दादा, बाहेर येऊन बसू का रं?"

"कशाला? भाकरी कर. झाड पडलं की जेवायला येतो."

ती आत गेली.

पुंडलिकनं खाचराच्या बाजूनं खोडाला खाच घ्यायला सुरुवात केली. झाड जिकडं पाडायचं तिकडं ही खाच घेतात, आणि मग मागच्या बाजूनं कापत येतात. रीत तीच, हात तोच. फक्त मशीन मधे मधे गप्प व्हायचं. कोन बघायला रेस सोडली, बंद. घाम पुसायला हात काढला, बंद.

"पुंडलिकराव, म्हाताऱ्याला आधी च्या पाजा!" बांधावरून कुणीतरी ओरडलं.

"धक्का मारू काय?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. पुंडलिकचे कान लालबुंद झाले होते. त्यानं दात खाऊन दोरी ओढली, खाच पुरी केली आणि खोडाला वळसा घालून घराच्या बाजूला आला.

मागचा काप निम्म्यावर गेला. त्यानं पाय नीट रोवण्यासाठी क्षणभर बोट सैल सोडलं.

मशीन बंद पडलं.

त्यानं शिवी हासडली आणि दोरीला हात घातला...

थप्. थप्. थप्.

घरात सुगंधा भाकरी थापत होती. भिंतीपलीकडं, दोन हातांवर.

थप्. थप्.

टक्.

हा आवाज घरातला नव्हता. खोडातला होता. झाड पुढं जायला लागलं की खाचेकडून आवाज येतो, हे त्याला झोपेतही कळलं असतं. हा आवाज खाचेकडून आलाच नव्हता. त्याच्या बाजूनं, खाली बुंध्यातून आला होता. झाड मागं, घराकडं बसत होतं.

थप्. थप्.

टक्.

पुंडलिकनं मशीन तिथंच टाकलं आणि धावत घरात शिरला.

"सुगंधे, बाहेर!"

"तव्यावर भाकरी हाय रं..."

त्यानं दंडाला धरून तिला ओढत बाहेर काढलं. गवताच्या गंजीपाशी पोचेपर्यंत मागं काडकाड सुरू झालं होतं. कुणीही हात न लावता जांभूळ आपल्या अंगाभोवती फिरलं आणि घराच्या मागच्या छपरावर आडवं झालं.

धूळ बसली तेव्हा चूल दिसत नव्हती. फांदीखाली तवा दुमडून पडला होता.

सुगंधा आपल्या पिठाच्या हातांकडं बघत राहिली. मग मोठ्यानं रडायला लागली. पुंडलिक तिच्याशेजारी मटकन खाली बसला. बांधावर कुणी हसत नव्हतं. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

घराचं छप्पर नवं घालून झाल्यावर, एका दुपारी पुंडलिक देवळात आला. मी तिथंच होतो. लगमाण्णांचं मशीन त्यानं पुसून लख्ख केलं होतं, चेनच्या दातांना कानशीनं धार लावून आणली होती. त्याची स्वतःची दोन्ही मशीनंही बरोबर होती.

"अण्णा, चांगलं मशीन हेच. बंद पडलं म्हणून खोडाचा आवाज ऐकू आला. मला द्या. बदली ही दोन्ही ठेवा."

"छप्पर?"

"झालं."

"बहीण?"

"बरी हाय. नवा तवा आणून दिला... चुलीपुढनं उठू नको म्हणालो हुतो, अण्णा. मीच म्हणालो हुतो."

पुंडलिक डोळे पुसेपर्यंत लगमाण्णा समोरच्या अंगणाकडं बघत राहिले. पारावर दोन चिमण्या भांडत होत्या.

"स्क्रूला हात लावलास?"

"न्हाई. अजिबात न्हाई. कुणाला लावूबी देणार न्हाई."

"बरं."

या खेपेला त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं असं मला वाटलं. कदाचित माझ्याच मनाचे खेळ असतील.

लगमाण्णांनी हात लांब करून पुंडलिकच्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. आपलं मशीन जवळ ओढलं आणि तो स्क्रू अर्धा फेरा पिळला.

लगमाण्णांनी दोरी ओढली. रेस दिली, सोडली. मशीन पडवीत संथपणे गुरगुरत राहिलं. त्यांनी ते चालूच पुंडलिकपुढं सरकवलं.

"ने."

"अण्णा, हे काय केलंसा?" पुंडलिक कळवळून म्हणाला. "आता हे आपणहून बंद पडायचं न्हाई!"

"न्हाई पडत तर न्हाई," लगमाण्णा म्हणाले. "तू कशाला हाईस?"