इमारतीचं तोंड

राजा हेकटसेन भर दुपारी लिफ्टमध्ये अडकला आणि बारा मजल्यांच्या घरांवर संकट कोसळलं!

ही इमारत त्यानेच बांधून घेतली होती. कारखान्यात एकाच साच्यातून काढलेल्या भिंती आणायच्या, एकीत एक अडकवायच्या, झालं घर! यंदा डागडुजी करताना त्याने सोलर पॅनेल बसवायला सांगितली, पण फक्त पूर्वेच्या भिंतीवर. का? तर पूर्व दिशा शुभ! आता सूर्य काही राजाचा नोकर नव्हे. दुपारी तो पश्चिमेला कलला, वीज गेली आणि महाराज सातव्या-आठव्या मजल्याच्या मध्ये तासभर लोंबकळत राहिले.

बाहेर येताच ते गरजले, "आम्ही सूर्यवंशी! आणि आमची इमारत सूर्याकडे पाठ फिरवते? रथसप्तमीला दिवसभर हिचं तोंड सूर्याकडेच राहिलं पाहिजे! नाहीतर सगळ्यांनी घरं रिकामी करायची. इथे आमचे हत्ती राहतील!"

"बाराव्या मजल्यावर हत्ती, महाराज?" प्रधानाने भीत भीत विचारलं.

"मग काय झालं? वारा छान लागेल त्यांना!"

राजमिस्त्री लिंबाजीने हात टेकले. लोक सामान बांधायला लागले.

नवव्या मजल्यावर ठमाबाई राहायच्या. कुरडया, पापड करून विकायच्या. उभं आयुष्य पत्र्याच्या खोपटात काढल्यावर त्यांना आत्ता कुठे पक्कं घर मिळालं होतं. ते हत्तीला द्यायचं? त्यांना आधी रडू आलं, मग भयंकर राग आला. तशाच त्या लिंबाजीकडे गेल्या.

"लिंबाजीदादा, भिंती सगळ्या एकाच मापाच्या ना?"

"अगदी तंतोतंत."

"दाराची भिंतसुद्धा?"

"तीसुद्धा. का हो?"

"मग रडताय कशाला? क्रेन मागवा! आणि पॅनेल दक्षिणेला नि पश्चिमेलाही ठोका!"

रथसप्तमीला राजा समोर मंडप घालून बसला. सकाळी इमारतीचं दार पूर्वेला होतं, त्यावर झेंडूचं तोरण. दुपारी क्रेनने दाराची भिंत उपसली, दक्षिणेला बसवली आणि दक्षिणेची पूर्वेला. ऊन उतरायला लागलं तसं तोरणासकट दार पश्चिमेला गेलं, आणि दारामागोमाग राजाचा मंडपही फिरला. लिफ्ट दिवसभर झोकात चालली. फक्त सकाळी दूध आणायला गेलेले एक आजोबा दुपारी परतले, ते "अहो, आमचं दार पाहिलंत का?" असं विचारत इमारतीला तीन फेऱ्या मारून दमले.

"ही फसवणूक आहे!" राजा ओरडला. "इमारत तर जागची हललीच नाही!"

"हुकूम तोंडाचा होता, महाराज," ठमाबाई म्हणाल्या. "दार पूर्वेला असलं की आपण पूर्वेच्या तोंडाचं घर म्हणतो ना? मग जिकडे दार तिकडे तोंड!"

"आणि वीज?"

"पॅनेल तिन्ही बाजूंना आहेत. सूर्यदेव जातील तिथे हजर!"

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान आभाळाकडे पाहत होता. राजा चडफडत बसून राहिला. अखेर सूर्य बुडाला, इमारतीच्या बाराही मजल्यांवर पणत्या लागल्या आणि राजा टाळी वाजवून उठला.

"आता सापडलीस, बाई! सूर्य गेला जमिनीखाली! बोल, आता इमारतीचं तोंड कुठे?"

ठमाबाई शांतपणे पुढे झाल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"मिटलं, महाराज! सूर्य मावळला की तोंड मिटावं, एवढं कळतं आमच्या इमारतीला!"

प्रधानाने घट्ट डोळे मिटून घेतले. राजाच्या मिशा थरथरल्या, मग पोट हलायला लागलं आणि तो असा खो खो हसत सुटला की मुकुट घरंगळत मंडपाबाहेर गेला!

"आम्हाला मात्र आजवर कळलं नव्हतं हो!" डोळे पुसत तो म्हणाला. "प्रधानजी, लिहून घ्या! ही घरं आजपासून राहणाऱ्यांच्या मालकीची. आणि वरची आख्खी गच्ची ठमाबाईंच्या कुरडयांना!"