छत्रातली कोंबडी

"मला असं बेट हवं," राजा भालसेन दरबारात कडाडला, "जिथल्या वाळूवर एकही पाऊल उमटलेलं नाही! पण उतरल्याबरोबर गरमागरम जेवण पुढ्यात आलं पाहिजे. आणि सगळा खर्च गेल्या वर्षीच्या दहाव्या हिश्शात!"

दरबारी एकमेकांची तोंडं बघू लागले. जिथे पाऊलच नाही तिथे चूल पेटवणार कोण, भूत?

त्याचं असं झालं होतं. गेल्या वर्षी महाराज हवापालटाला माडबेटावर गेले. सोबत सातशे माणसं आणि चाळीस घोडे. हत्तीही निघाला होता, पण बिचारा गलबतात मावला नाही. पंधरा दिवसांत बेटावरच्या एकुलत्या एक गोड्या विहिरीचा तळ दिसला, माडांवर औषधालाही शहाळं उरलं नाही, आणि किनाऱ्यावर खरकट्याचे ढीग लागले. महाराज नाकाला रुमाल लावून तंबूत बसून राहिले आणि "नरक आहे, नरक!" म्हणत परत आले.

"दिवाणजी, आठ दिवसांत बेट शोधा! नाहीतर पुन्हा माडबेटच. आणि या वेळी महिनाभर!"

दाराशी मुदपाकखान्याची मासळी घेऊन आलेली धुरपा उभी होती. माडबेटाचीच पोर ती. विहिरीला आत्ता कुठे पाणी चढत होतं. अख्खं वर्ष तिच्या आईने पलीकडच्या किनाऱ्यावरून होडीने हंडे आणले होते. सातशे माणसं महिनाभर आली तर गाव उठलंच म्हणायचं!

"महाराज, असं बेट मला ठाऊक आहे," ती बोलून गेली.

"तू कोण गं?" दिवाणजी खेकसले.

"हिरोजी तांडेलाची धुरपा. होडी हाकते. पण दोन अटी आहेत. होडीत मावतील तेवढीच माणसं, म्हणजे महाराज आणि तुम्ही. तुम्ही जरा अंग चोरून बसायचं! आणि जे जे न्याल ते ते परत आणायचं."

"आणि बेट मला आवडलं नाही तर?" राजाने विचारलं.

"तर माडबेट आहेच तुमचं. महिनाभर."

हिरोजीने ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. "धुरपे, काय बोलून बसलीस गं बाय!"

दिवाणजी अकरा पेट्या घेऊन धक्क्यावर हजर. "पेट्या की दिवाणजी?" धुरपा म्हणाली. "होडी दोन्ही घेणार नाही." पेट्या राहिल्या. मग तिने शीड सोडलं आणि या खडकाला वळसा, त्या खडकाला वळसा, सकाळपासून नुसतं गरगर फिरवलं. "किती लांब?" राजा विचारी. "हे काय, आलंच!" धुरपा म्हणे. दिवाणजी होडीच्या काठाला मिठी मारून देवाचा धावा करत होते, त्यांना दिशा कसली कळतेय!

ऐन ओहोटीला होडी एका किनाऱ्याला लागली. वाळू धुतल्या परातीसारखी लख्ख. एक पाऊल नाही! राजाने टुणकन उडी मारली. समोरच्या केवड्याआडून एक बाई ताट घेऊन आली. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, वाफ निघतेय!

"वाळूवर पाऊल नाही, मग ही बाई आली कुठून?"

"आत्या माझी. ती वाळूवर नाही राहत, महाराज, घरात राहते!"

आंघोळीला एक कळशी आली. राजा ओरडला, "एका कळशीत राजाची आंघोळ?"

"समुद्रात डुंबा की! कळशी फक्त मीठ धुवायला."

राजा डुंबला. दुसऱ्या दिवशी कोळ्यांबरोबर जाळं ओढलं, आपटला, हसला, सपाटून जेवला. कमरपट्ट्यात खोचून आणलेल्या अत्तराची रिकामी कुपी त्याने वाळूत भिरकावली, तर धुरपाने उचलून हातात दिली. "तुमच्याबरोबर आली, तुमच्याबरोबरच जाईल." तिसऱ्या दिवशी राजाचा कमरपट्टा कुप्यांनी खुळखुळत होता.

"या बेटाचं नाव मी ठेवतो," राजा म्हणाला. "स्वर्ग!"

"दिवाणजी, लिहून घ्या!" धुरपा पटकन म्हणाली.

एवढ्यात झुडपातून कोंबडी कलकलली. राजाने डोकावून पाहिलं. उलटं पडलेलं एक छत्र, त्यावर जरीचे दोन मोर, आणि मोरांवर बाईसाहेब अंडी उबवत बसलेल्या!

"हे... हे तर गेल्या वर्षी माडबेटावर राहिलेलं माझं छत्र! म्हणजे हे माडबेट?"

धुरपा सांगणार होतीच, पण परतीच्या होडीत. कोंबडीने घाई केली.

"फसवलंस मला!" राजा लालबुंद झाला. "पाऊल न उमटलेली वाळू मागितली होती मी!"

"उतरलात तेव्हा दिसलं का एक तरी? भरती दिवसातून दोनदा वाळू पुसते, महाराज. सातशे जणांचं पुसता पुसता मात्र तिलाही वर्ष लागलं!"

"मग गेल्या वर्षी नरक आणि यंदा स्वर्ग कसा?"

"बेट तेच, विहीर तीच, कोळंबीही तीच. गेल्या वर्षी तुम्ही अख्खी राजधानी घेऊन आलात. यंदा नुसते तुम्ही आलात!"

राजाने धुरपाकडे पाहिलं, दिवाणजींकडे पाहिलं. कोंबडी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती. आणि राजा असा काही हसला की कमरेच्या कुप्या पुन्हा खुळखुळल्या!

"दिवाणजी, लिहा! या बेटावर होडीत मावतील तेवढेच पाहुणे. मीसुद्धा! आणि वाचलेल्या पैशातून इथे दुसरी विहीर." त्याने गळ्यातली मोत्यांची कंठी काढून धुरपाच्या गळ्यात घातली. "आणखी काय हवं, बोल."

"तुमचं छत्र तेवढं घेऊन जा. आणलेलं परत न्यायचं ठरलंय."

राजाने हात घातला. कोंबडीने कचकन चोच मारली!

"आत्ता नाही हो!" धुरपा म्हणाली. "एकवीस दिवसांनी या. पिल्लं बाहेर पडू देत."

राजा बोट चोखत हसतच सुटला. "दिवाणजी, पुढची सहल ठरली! होडी हिचीच. आणि तुम्ही तेवढे आत्तापासून बारीक व्हा!"