तांदळात लिहिलेलं नाव

वडिलांनी लेकीच्या नावानं 'कुमुद मसाले' काढले, तेव्हा कुमुद परकर-पोलक्यात होती. दिगूदादा तिच्या तळहातावर चिमूटभर मसाला ठेवून विचारायचा, "कुमे, तिखट झालाय का गं?" लग्नानंतर तिनं त्याच नावानं आपले मसाले विकायला घेतले, तर वडिलांचा धंदा चालवणाऱ्या त्याच दादानं तिला ते नाव वापरू देऊ नये म्हणून दावा लावला.

सांगलीतल्या वकिलांच्या फर्ममध्ये तडजोडीची बैठक बसली. दादाचे वकील सरपोतदार चष्मा पुसत म्हणाले, "बाई, लग्नात ताटातल्या तांदळात तुमचं नाव मृणालिनी लिहिलं. कुमुद त्याच दिवशी संपली. तिचं नाव माहेरी राहिलं."

"बरं," कुमुद एवढंच म्हणाली.

तेवढ्यात चहा आला. दादानं सवयीनं एक कप उचलून पुढे केला. "कुमे, हा घे, बिनसाखरेचा."

कुमुदनं मागे वळून दाराकडे पाहिलं. "कुणाला हाक मारलीस, दादा? इथं तर मृणालिनी बसलीय."

सरपोतदार खाकरले. दादा हातातल्या कपाकडे बघत म्हणाला, "वकीलसाहेब, दावा मागे घ्या. हिला दुसऱ्या नावानं हाक मारणं मला जमायचं नाही."

"आण तो चहा," कुमुद म्हणाली, "निवतोय."