गोमेदाचा चुरा

फार पूर्वी शोणपूर नगरीत राजा धृतिसेन राज्य करीत होता. त्या वेळी बोधिसत्त्वाने एका रत्नपारख्याच्या घरी जन्म घेतला होता. सुचंद्र हे त्याचे नाव. माघातले कोवळे ऊन खडकात मुरले की त्याचा मधाच्या रंगाचा गोमेद होतो, म्हणून माघात जन्मलेल्याला तोच खडा तारतो, अशी त्या नगरीत दृढ समजूत होती. सुचंद्रापाशी असा एक गोमेद होता की त्याला जोड नव्हती.

माघात जन्मलेली राजाची तान्ही मुलगी तापाने फणफणली. राजज्योतिषी म्हणाला, "महाराज, हिच्या गळ्यात गोमेद बांधा. मात्र औषधाचा थेंबही पोटात जाता कामा नये, नाहीतर खड्याचे तेज उतरेल."

राजाने सुचंद्राला बोलावून घेतले. "खडा बांध आणि माझा कोषाध्यक्ष हो."

सुचंद्राने पाळण्यात डोकावले. पोरीचे ओठ सुकले होते. रडायचेही त्राण नव्हते. उंबऱ्याबाहेर वैद्यीण काळिंदी खलबत्ता घेऊन ताटकळत होती. पहारेकरी तिला आत सोडीत नव्हते.

"महाराज, मी जन्मभर रत्ने पाहिली. खड्याने ताप उतरलेला पाहिला नाही. या वैद्यिणीला आत येऊ द्या."

"आधी खडा बांध!" राजा गरजला.

खडा बांधला तर पद मिळणार होते, आणि मूल जाणार होते. सुचंद्राने गोमेद उंबऱ्यावर ठेवला, काळिंदीचा बत्ता उचलला आणि घाव घालून त्याचा चुरा केला.

"आता खडा उरला नाही," तो म्हणाला. "आता तरी औषध द्या. पोर दगावली तर माझे मस्तक आहेच."

राजाने त्याला दोरांनी बांधायला लावले. पण राणी उठून दाराशी गेली. "काळिंदी, आत ये."

दिवसभर काढ्याचे थेंब पोरीच्या ओठांत पडत राहिले. दिवेलागणीला तिला घाम फुटला आणि ती भुकेने रडू लागली. राजाने स्वतः सुचंद्राचे दोर सोडले.

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली, महाराज. पण मी पोरीकडे बघत होतो."

कोषाध्यक्षपद त्याने घेतले नाही. वैद्याला कुठल्याही दारात अडवू नये, एवढेच मागितले.

ही कथा सांगून विहारात धर्मोपदेश करणाऱ्या शास्त्यांनी, आजारी लेकरासाठी खडा विचारायला आलेल्या उपासकाकडे पाहिले. "तेव्हाचा राजा तू होतास, राणी ही तुझी पत्नी. काळिंदी म्हणजे विहारात रुग्णांची शुश्रूषा करणारी ही भिक्खुणी, आणि रत्नपारखी मी. जा, आधी वैद्याला बोलाव. मोठा लाभ समोर असतानाही जी सत्यनिष्ठा ढळत नाही, ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."