न उकरलेलं वावर

जनावरंही एकमेकांच्या शेतीला नावं ठेवत, त्या काळातली ही गोष्ट. ठिपकी हरणीला घोर लागला होता. हिवाळ्यात माळ सुकला की पाडसाला घेऊन गावच्या शेतात शिरावं लागे, आणि मागच्या साली तिथल्या कुत्र्यांनी तिचं थोरलं पाडस धरलं होतं. हिवाळ्यातला चारा माळावरच मिळावा म्हणून श्रावण सरताना तिने माळावरच्या उभ्या गवतात हुलग्याचे दाणे टाकले आणि कळपाला त्यावरून चालवून गवत आडवं केलं, दाणे त्याखाली झाकले गेले.

"न उकरताच पेरतेस? आळशी कुठली!" दातोबा रानडुक्कर हसला. त्याने शेजारीच सुळ्यांनी जमीन भुसभुशीत करून हुलगा टाकला. उघड्या मातीतले ते दाणे तितरांनी दोन दिवसांत टिपून नेले.

ठिपकीला तरी कुठे खात्री होती? ती रोज येऊन गवताचा वास घेई. आठव्या दिवशी त्यातून हिरवे कोंब वर आले.

दातोबा धावत आला. "गवताखाली केलंस तरी काय? बघू दे मला!" त्याचं नाक मातीत घुसणार, तोच ठिपकी मधे आली.

"बघा काका, हवं तितकं बघा. फक्त उकरू नका."

दातोबाने सुळे आवरले, तो पोटावर बसला, आणि जन्मात पहिल्यांदाच जमिनीकडे नुसता बघत राहिला.