लिंबाजी रंगाऱ्याने सोडलेली बातमी

कवठदरी हे गाव अगदी लहान. एका ओढ्याच्या वळणात पाचपन्नास घरे, महादेवाचे देऊळ आणि देवळामागे कवठाची जुनी झाडे. श्रीअनामगिरी महाराज फिरत फिरत या गावी आले, एका कवठाखाली बसले, आणि पुढे तेथून हललेच नाहीत. त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. ओढा ओलांडून पलीकडे पाऊल टाकायचे नाही, असा त्यांचा नेम होता. मोठमोठ्यांच्या पालख्या ओढ्यापर्यंत आल्या आणि रिकाम्या परतल्या. महाराज म्हणत, "गाईनं एका जागी उभं राहावं, म्हणजे वासराला ती सापडते."

पण ज्या वासराचे पायच गळाले, त्याने काय करावे?

ओढ्यापलीकडे, सकाळी निघाले तर दुपारच्या आत पोचावे इतक्या अंतरावर, नांदवे नावाची पेठ होती. तिथे रंगारआळीत लिंबाजी नावाचा निळीचा रंगारी राहत असे. दर पौर्णिमेला तो चालत कवठदरीला जाई आणि सगळ्यांच्या मागे बसे. त्याचे हात कोपरापर्यंत निळे, अंगाला आंबलेल्या निळीचा वास. शेजारचा माणूस नाक मुरडून सरकला की लिंबाजी आणखी मागे सरके. मग महाराज म्हणत, "निळ्या, पुढं ये. तुझ्या वासानं मला कळतं, आज पौर्णिमा आहे." सगळे हसत आणि लिंबाजी पुढे जाई. महाराजांनी त्याला मंत्र दिला नाही की माळ दिली नाही. एकदा एवढेच म्हणाले होते, "तू बोलतोस थोडं, ते बरं आहे. जे बोलशील ते खरं बोल." लिंबाजीने ते जिवापाड सांभाळले होते.

आश्विनात त्याला हिवताप लागला. एक दिवस ताप, दोन दिवस उघाड, पुन्हा ताप. अंग पिवळे पडले, पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली, पाय काठीसारखे झाले. कार्तिकाची पौर्णिमा अंथरुणात गेली, मार्गशीर्षाचीही गेली. ताप नसलेल्या दिवशी तो भिंतीला टेकून ओट्यावर बसे आणि कवठदरीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत राही. बायको यमुना म्हणे, "अवं, आत चला, वारा लागंल." तो म्हणे, "तिकडूनच येतोय गं वारा. लागू दे."

इकडे धंदा बसत चालला होता. निळीचा रांजण ही जिती वस्तू आहे. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मोठ्या रांजणात पाणी, निळीच्या वड्या, चुना, गूळ आणि टाकळ्याचे शिजवलेले बी घालून ते आंबवत ठेवतात. आंबवण साधले की वर तांबूस तवंग आणि निळा फेस धरतो. खालचे पाणी मात्र पिवळट हिरवे असते. त्यात बुडवलेले कापड हिरवेच बाहेर येते आणि वारा लागला की पाहता पाहता निळे होते. पण रांजण रोज ढवळावा लागतो, वेळेवर त्याला गूळ-चुना खायला घालावा लागतो, थंडीत शेणीची धग द्यावी लागते. यमुनेने तिला जमेल तितके केले. नवऱ्याचे कण्हणे आणि रांजणाची हाक एकाच वेळी आली की ती नवऱ्याकडे धावे. पौषाच्या थंडीत रांजण गारठला. तिने घाबरून जास्त चुना घातला. फेस गेला, पाणी राखाडी झाले, आणि बुडवलेले कापड मळक्या फडक्यासारखे बाहेर आले.

त्या कापडाचे गठ्ठे पेठेतल्या कापडाच्या व्यापाऱ्याचे, त्र्यंबकशेटचे होते. निळीच्या वड्याही त्याच्याच, उधारीवर दिलेल्या. औषधपाण्यासाठी काढलेली रक्कमही त्याचीच. जत्रेच्या बाजाराला निळे कापड द्यायचे ठरले होते, आणि बाजार तोंडावर आला होता.

त्या काळी एक रीत होती. धंदा बुडाला की माणसाने भरदिवसा आपल्या ओट्यावर दिवा पेटवून बसायचे. तो दिवा दिसला की सावकार येत, भांडीकुंडी, घर, हत्यारे वाटून नेत आणि हिशेब मिटे. पण त्या माणसाला पुन्हा त्या पेठेत कोणी उधारीवर दोरासुद्धा देत नसे.

एका सकाळी त्र्यंबकशेट ओट्यापाशी येऊन उभा राहिला. उंच पागोटे, हातात चांदीच्या मुठीची काठी. आळीतली माणसेही जमली.

"काय लिंबाजी, दिवा कधी लावतोस?"

"शेट, थोडा दम धरा. अंगात बळ आलं की नवा रांजण लावतो."

"नवा? कशाच्या जोरावर? दर पौर्णिमेला दिवस बुडवून टाळ कुटायला गेलास, त्या दिवसांची मजुरी धरली असतीस तर आज ही पाळी नसती. तुझे महाराज काय करतात एवढे? कवठं मोजतात?"

लिंबाजीने मान खाली घातली. आळीतले म्हातारे कोंडाजीकाका मध्ये पडले. "शेट, रांजण अजून उठंल. लिंबाजी, तू आपल्या लोकांची रीत का करीत नाहीस?"

ही रीत रंगाऱ्यांची. नीळ नासली की गावात एखादी अचाट खोटी बातमी सोडायची. ती जितक्या तोंडी फिरेल तितका रांजण पुन्हा जिवंत होतो, अशी त्यांची जुनी समजूत.

"माझ्या बापानं काय उठवलं होतं माहीत आहे?" काका म्हणाले. "नदीतली मगर वर आली अन् तिनं भटजीबुवांना पोथीतली चूक दाखवली! चार गावं पोट धरून हसली. भटजीबुवा वर्षभर बोलले नाहीत आमच्याशी. पण रांजणाला फेस आला!"

"काका, मला नाही जमायचं. मी खोटं बोलत नाही."

"घ्या!" शेट हसला. "घर जायला निघालं आणि हा हरिश्चंद्र झाला."

यमुना दाराआड उभी होती. ती एवढेच म्हणाली, "माझ्यासाठी तरी बोला. मी बुडवला रांजण. तुमचा बाप ज्यावर जगला तो माझ्या हातनं गेला." आणि पदर तोंडाला लावून ती आत वळली.

"बोल रं," काका म्हणाले. "फार विचार करू नको. ओठावर येईल ते बोल."

लिंबाजीने मान वर केली. समोर कवठदरीचा रस्ता होता, रोजच्यासारखा रिकामा. त्याच्या ओठांवर इतके महिने एकच गोष्ट होती, आणि तीच बाहेर पडली.

"महाराज येणार आहेत. उद्या. माझ्या घरी."

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मग काकांनी मांडीवर थाप मारली. "शाबास! अरे, मगर काय घेऊन बसलात! क्षेत्रसंन्यासी ओढा ओलांडणार! याच्यापुढं थाप नाही!" माणसे हसत हसत पांगली. तासाभरात बातमी पेठेत गेली, पाणवठ्यावर गेली, बाजारकरी बायकांबरोबर आजूबाजूच्या वाड्यांवर गेली. जो तो दुसऱ्याला सांगे आणि दोघे हसत.

एकटा त्र्यंबकशेट हसत नव्हता. "गुरूचं नाव रांजणात घातलंस काय?" तो म्हणाला. "उद्या सकाळी मी स्वतः कवठदरीला जातो. तुझ्या महाराजांना तोंडावर विचारतो, की तुमचा शिष्य तुमच्या नावानं थापा सोडतो, हे चालतं का? संध्याकाळी परत येईन तेव्हा या ओट्यावर दिवा दिसला पाहिजे."

त्या दिवशी लिंबाजीने अन्न घेतले नाही. घर जाईल याचे दुःख होतेच. पण महाराजांनी त्याला जपायला सांगितलेली एकच गोष्ट त्याने मोडली होती, आणि तीही त्यांच्याच नावाने. आता पाय बरे झाले तरी कोणत्या तोंडाने कवठाखाली जाऊन बसायचे?

दुसऱ्या दिवशी दुपारी यमुना तेल मागायला निघाली. दिवाळे जाहीर करायलाही घरात तेल नव्हते. लिंबाजी मागच्या अंगणात रांजणाजवळ घोंगडी पांघरून बसला. रस्त्याकडे पाहायचे नाही असे त्याने ठरवले होते, म्हणून तो मागे येऊन बसला होता. तरी त्याचे कान रस्त्याकडेच होते.

"निळ्या, घरात आहेस का?"

त्याला वाटले, ताप चढला. त्याने कपाळाला हात लावला. कपाळ गार होते.

अंगणाच्या दारात महाराज उभे होते. तीच भगवी छाटी, खांद्यावर झोळी, ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू. लिंबाजीला उठता येईना. तो हातांवर सरपटत पुढे गेला आणि त्याने पायांवर डोके ठेवले. इतके महिने जे बोलायचे साठवले होते त्यातले काही आठवेना.

"महाराज, मी खोटं बोललो."

"काय बोललास?"

"म्हणालो, महाराज उद्या येणार आहेत."

"मग मी आलो नाही का?"

"पण मला कुठं ठाऊक होतं? मी आपलं... मनात होतं ते तोंडातून गेलं."

महाराज म्हणाले, "वेड्या, ती बातमी लोकांसाठी. माझ्या कानी ती हाक म्हणून आली. किती दिवस मारतो आहेस! मला कवठाखाली डोळा लागू देत नाहीस."

"पण आपला नेम? माझ्यापायी आपण ओढा ओलांडलात?"

यावर महाराज नुसते हसले. ते रांजणापाशी बसले, झाकण बाजूला केले आणि आत वाकून पाहिले. "थंडी वाजली आहे रे याला," ते म्हणाले. आजारी लेकराच्या अंगाखाली हात घालावेत तसे त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि हलके हलके ढवळू लागले. मंत्र नाही, अंगारा नाही. मधूनच तोंडाने "हं, हं" करीत होते. लिंबाजी पाहत राहिला. पाण्याकडे त्याचे लक्षच नव्हते. तो महाराजांचा खांदा पाहत होता, कानामागचे पांढरे केस पाहत होता, छाटीला पडलेले ठिगळ पाहत होता. पुन्हा कधी इतक्या जवळून दिसेल?

महाराज उठले. "येतो."

"महाराज, थांबा! यमुना येईल. भाकरी तरी..."

"थांबलो तर तू बरा होऊन माझ्याकडं यायचा कशाला? ती ओढ राहू दे. तीच तुला उभं करील."

लिंबाजी भिंतीला धरून दारापर्यंत गेला. रस्ता उन्हात पसरलेला होता, रिकामा.

यमुना वाटीत तेल घेऊन आली, तेव्हा तो उंबऱ्यात बसून रडत होता. त्याने सांगितले ते तिने ऐकून घेतले आणि पहिल्यांदा त्याच्या अंगाला हात लावून ताप पाहिला. मग ती मागे गेली. रांजणावर तांब्याच्या रंगाचा तवंग चढला होता आणि मध्यभागी निळा फेस फुलला होता. तिचा विश्वास बसेना. तिने आपल्या पदराचे टोक बुडवले. ते हिरवे निघाले. ती उन्हात टोक धरून उभी राहिली, आणि काठापासून आतपर्यंत, हळूहळू, ते निळे होत गेले. वाटीतले तेल तिने नवऱ्याच्या पायांना चोळले.

दिवस कलता त्र्यंबकशेट परत आला. तो अनवाणी होता. पागोटे काखेत होते. आळीतली माणसे तमाशा पाहायला जमली होती. शेटचा चेहरा पाहून त्यांनी वाट दिली. ओट्यावर दिवा नव्हता, पण त्याने ते विचारलेसुद्धा नाही.

"लिंबाजी, दुपारी इथं कोण आलं होतं?"

"महाराज आले होते, शेट."

"मी पोचल्यापासून त्यांच्यासमोर बसलो होतो," शेट म्हणाला. "त्यांनी जागा सोडली नाही. मी तुझी तक्रार सांगितली. ते म्हणाले, 'बस.' मी बसलो. दुपारी त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हात पुढं खाली सोडले आणि हवेत ढवळायला लागले. मला हसू आलं. म्हटलं, म्हातारा पेंगतो आहे. मग त्यांनी हात वर केले. कोपरापर्यंत ओले होते. हिरवे. आणि माझ्या डोळ्यांदेखत..." त्याने आपल्याच हातावर कोपरापर्यंत बोट फिरवले. "जन्मभर निळं कापड विकलं मी. तो रंग मला ओळखता येणार नाही का?"

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, 'शेट, तुझं कापड रंगेल. त्याला सवड दे. त्याचा धंदा आजारी होता, बुडाला नव्हता.'"

काकांनी हात जोडले. शेट ओट्याच्या पायरीवर बसला. उधारीला मुदत देतो, नव्या वड्या पाठवतो, असे काहीबाही तो बोलला. पण त्याचे मन त्यात नव्हते. थोड्या वेळाने तो अगदी हळू, लहान मुलाने विचारावे तसे विचारू लागला.

"लिंबाजी, तुझ्याकडं आले तेव्हा ते कसे दिसत होते रे? मी इतका वेळ समोर बसलो, पण चूक शोधत बसलो. त्यांच्याकडं बघितलंच नाही. आता डोळे मिटले तर मला नुसते हात आठवतात. तोंड आठवत नाही."

लिंबाजीने त्याला सांगितले. खांद्यावरची झोळी सांगितली, ठिगळ सांगितले, कानामागचे पांढरे केस सांगितले. शेट ऐकत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. मग तो वाकून लिंबाजीच्या पायांना हात लावायला गेला. लिंबाजीने पाय ओढून घेतले. "माझे नव्हे, शेट. पाय तिकडं आहेत."

तेव्हा तो गर्विष्ठ माणूस पायरीवरून खाली उतरला, कवठदरीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला, आणि सगळी पेठ पाहत असताना त्याने भर रस्त्यात धुळीत कपाळ टेकले. बराच वेळ त्याने ते उचलले नाही.